आठ सलाईनची राखण

लाईट येईपर्यंत सांगतो. मध्येच आली तर तिथेच थांबेन. ही गोष्ट मला उजेडात सांगता येत नाही.

दीपमाला, तू जवळ बस. तू आता नर्सिंगला लागलीस, तुझ्या कानावर हे पडलेलं बरं. पियुष, तो मोबाईल पालथा ठेव. तोंडावर उजेड येतो.

कोंडीराम म्हणून एक माणूस आहे. हिंगोलीकडचा. कोथरूडच्या एका सोसायटीत तो आणि मी चौदा वर्षं बागकाम केलं. एखाद्या दिवशी झाडांना पाणी घालायचं राहिलं तर स्वतः जाऊन सेक्रेटरीला सांगणारा माणूस. आम्ही त्याला हसायचो. त्याने हे मला एकदाच सांगितलं, जास्वंदीची छाटणी करताना, मान वर न करता. मी मध्ये काही विचारलं नाही.

काय म्हणालास पियुष? पांढऱ्या कपड्यातली सिस्टर येणार? नाही रे. सिस्टर आली असती तर ही गोष्ट घडलीच नसती.

दोन हजार चोवीस सालचा एप्रिल. वीस तारीख, शनिवार. हनुमान जयंती तीन दिवसांवर होती. रात्रीचे साडेदहा झाले होते आणि कोंडीराम एका सरकारी दवाखान्याच्या फाटकाबाहेर, औषधाच्या दुकानापुढे रांगेत उभा होता. दवाखान्याचं नाव मी सांगणार नाही. हातात चिठ्ठी होती. पट्टीचा कापूस, चिकटपट्टी आणि एक इंजेक्शन. आत शिल्लक नव्हतं, बाहेरून आणायला सांगितलं होतं. पुढे अकरा माणसं होती. कोंडीराम उभ्या उभ्या डुलकी घेत होता. रांग सरकली की मागचा माणूस त्याला बोटाने ढकलायचा, मग तो एक पाऊल पुढे जायचा आणि पुन्हा डोळे मिटायचा.

तीन रात्री झाल्या होत्या. त्याचा मुलगा संतोष हडपसरला एका कारखान्यात कामाला. सव्वीस वर्षांचा, एकुलता एक. बुधवारी क्रेनवरून पत्रा घसरला आणि त्याची कड संतोषच्या मांडीत घुसली. मोठी रक्तवाहिनी तुटली. डॉक्टरांनी चार तास खपून ती जोडली आणि कोंडीरामला सांगितलं, "काका, काम चांगलं झालंय. पण पुढचे पाच दिवस पाय हलू द्यायचा नाही. हे पाच दिवस गेले की मुलगा तुमचा."

पाच दिवस. कोंडीराम ते बोटांवर मोजत होता. दिवसा त्याची बायको सुशीलाबाई मुलाजवळ बसायची, रात्री तो. आणि दिवसा तो झोपत होता असंही नाही. या खिडकीवरून त्या खिडकीवर कागद फिरवायचे असायचे.

औषध घेऊन तो वर वॉर्डात आला तेव्हा पावणेबारा होत आले होते. दाराशी टेबलावर निशा सिस्टर एका हाताने लिहीत होती आणि दुसऱ्या हाताने फोन कानाला धरून होती. बारीक अंगाची, पस्तिशीची बाई. डोळ्यांखाली काळं. फोनवर कुणाला तरी म्हणत होती, "हो हो, दोन्ही वॉर्ड माझ्याकडेच आहेत. वरचा पण. नाही, दुसरं कुणी नाहीये. मी काय आता अर्धी इथे आणि अर्धी तिथे पाठवू का?"

फोन ठेवून तिने कोंडीरामकडे बघितलं.

"आणलंत? ठेवा. बाराला येते तुमच्या मुलाची पट्टी बदलायला. आणि काका, तुम्ही जरा झोपा. नाहीतर उद्या तुमच्यासाठी खाट शोधावी लागेल, आणि खाट नाहीये."

"तुम्ही जेवलात का सिस्टर?" कोंडीराम म्हणाला.

तिला बहुतेक आठवत नव्हतं. तेवढ्यात जिन्यावरून कुणीतरी हाक मारली, "सिस्टर, वरती या लवकर!" आणि ती धावत गेली. ती बाराला आली नाही. दीपमाला, तिचा दोष नाही. आदल्या आठवड्यात तिने कोंडीरामशेजारच्या एकाला सांगितलं होतं, बारा जणींच्या जागा आहेत, पाच जणी आहेत, त्यातली एक बाळंतपणाच्या रजेवर आहे. दोन मजले, एकशे चार पेशंट, आणि रात्रीला एक सिस्टर.

म्हणून त्या वॉर्डात नातेवाइकांनी आपापसांत एक रीत पाडली होती. ती रीत आता नीट ऐका.

भिंतीकडच्या ओळीत आठ खाटा होत्या, चार नंबर ते अकरा नंबर. आठ खाटा म्हणजे आठ सलाईन. बाटली संपत आली की नळीवरची चकरी बंद करायची आणि सिस्टरला शोधून आणायचं, नाहीतर रक्त उलटं नळीत चढतं. प्रत्येकाने रात्रभर आपापल्या बाटलीकडे बघत बसायचं म्हटलं तर आठ माणसं मरतील. त्यापेक्षा एकाने दोन तास जागायचं, आठही बाटल्या बघायच्या, मग पुढच्या खाटेवाल्याला उठवायचं आणि झोपायचं. हाक मारायची नाही, पेशंट जागे होतात. खांद्यावर दोनदा थोपटायचं. बस.

ही रीत पाडली प्रेमलाबाईने. तिचा नवरा कचरू अकरा नंबरला अठरा दिवस पडून होता, म्हणजे ती त्या ओळीतली सगळ्यात जुनी. जिभेने तिखट. पहिल्या रात्री कोंडीराम नुसता मुलाकडे बघत बसला होता तर म्हणाली, "दादा, तोंडाकडं काय बघताय, लगीन ठरवायचंय का? बाटलीकडं बघा. इथं माणूस नाही, बाटली राखायची असती."

मग थोड्या वेळाने आवाज खाली आणून तिने त्याला नऊ नंबरची हकिकत सांगितली होती.

नऊ नंबरला वाशीमकडचा एक माणूस भावाला घेऊन आला होता. हिंमतराव त्याचं नाव. पन्नाशीचा, धोतर-सदरा, शब्दाला मऊ. तेव्हा अजून पाळ्या लावायची रीत नव्हती. त्याला कुणीतरी सांगितलं, बाटली संपू देऊ नको. तो रात्रभर बसला. पापणी लवली नाही त्याची. थेंब मोजत बसला. पहाटे पाचला सिस्टर आली, भावाच्या मनगटाला हात लावला आणि म्हणाली, अहो, हे कधीचे गेलेत. रात्री दोनच्या सुमाराला गेले असतील. आणि बाटली चालू होती. थेंब पडत होते. तो त्या थेंबांकडे बघत होता.

"मग?" कोंडीरामने विचारलं होतं.

"मग काय. कागद घ्यायला खाली गेला. बाकावर बसला. दुपारी झाडणाऱ्या मावशीनं पाय वर घ्या म्हटलं तर उठला नाही. बसल्या जागी संपला होता. दोघा भावांना एकाच गाडीतनं नेलं." प्रेमलाबाईने पदराने तोंड पुसलं. "म्हणून म्हटलं, आळीपाळीनं बसा. एकट्यानं नाही."

बघा, एवढं सगळं घडूनसुद्धा त्यांनी रीत काय पाडली? बाटली बघायचीच. फक्त आळीपाळीने.

तर त्या शनिवारी रात्री बाराला सात नंबरवाल्याने कोंडीरामच्या खांद्यावर दोनदा थोपटलं. कोंडीराम आठ नंबर. त्याच्यानंतर नऊ नंबर. नऊ नंबरला तेव्हा एक रिक्षावाला होता, ताप मेंदूत गेलेला, आणि त्याच्याजवळ त्याचा मेहुणा. संध्याकाळपर्यंत तरी होता.

ओळीवरच्या तीन ट्यूबपैकी दोन गेलेल्या. जी चालू होती ती चार नंबरकडे. आठ नंबरपर्यंत उजेड पोचायचा तो पाण्यातून आल्यासारखा. नऊपासून पुढे नुसते आकार, खाटेवर माणूस आहे की नुसतं अंथरूण, तेही कळायचं नाही.

कोंडीराम बसला. आठ बाटल्या. एकीकडून दुसरीकडे मान फिरवायची, परत यायचं. साडेबाराला पाच नंबरची चकरी बंद केली. सिस्टर टेबलावर नव्हती. जिन्यात उभं राहून त्याने हाक दिली, वरून आवाज आला, "येते!" ती आली, बाटली बदलली, आणि पळत परत वर गेली. पट्टीचं त्याने तिला सांगितलं. "वरचा पेशंट अडकलाय काका, आलेच," ती म्हणाली.

एक वाजता संतोष पुटपुटला. "बाबा... पाय गार लागतोय."

कोंडीराम उठला. घरून आणलेली जाड चादर त्याने मुलाच्या कमरेपासून पायापर्यंत पसरली. लहान मुलाला गुंडाळतात तशी दोन्ही बाजूंनी गादीखाली नीट खोचली. कपाळावर हात ठेवला. ताप नव्हता. बाटलीकडे बघितलं. थेंब बरोबर पडत होते.

तो परत येऊन बसला.

दीड. पावणेदोन. झोप अशी येत होती की ती झोप नव्हतीच, कुणीतरी डोक्यावर पोतं ठेवल्यासारखं होतं. संतोष शांत झोपला होता. कोंडीरामला बरं वाटलं. दोन वाजले. तो उठला, नऊ नंबरपाशी गेला.

खाट आणि भिंत यांच्यामध्ये जमिनीवर माणूस बसला होता. गुडघे पोटाशी घेतलेले. मुंडासं का पंचा, काहीतरी डोक्याला गुंडाळलेलं. अंधारात तोंड दिसत नव्हतं. कोंडीरामने वाकून खांद्यावर थोपटलं. एकदा.

दुसऱ्यांदा हात टेकायच्या आधीच तो बोलला.

"जागाच आहे. झोपा तुम्ही."

कोंडीरामने मान हलवली. संतोषच्या खाटेखाली वर्तमानपत्र अंथरलं होतं, त्यावर आडवा झाला. सगळेच आपल्या पेशंटच्या खाटेखाली झोपायचे. डोकं टेकलं आणि तो गेला.

...

त्याला जाग आली ती हातावर काहीतरी पडलं म्हणून.

थेंब.

तो तसाच पडून राहिला. त्याला वाटलं, बाटली गळतेय. पुन्हा एक थेंब. मनगटावर. मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा.

कोमट होता.

सलाईन कोमट नसतं.

त्याने बोटाने चाचपलं. चिकट. वरती गादी होती. गादीवर त्याचा मुलगा होता.

तो खाटेखालून बाहेर आला. गुडघ्यांवर. आधी त्याला बाटली दिसली, कारण तीन रात्री तो तिच्याकडेच बघत होता. अर्धी भरलेली. थेंब बरोबर पडत होते. एक... एक... एक...

मग त्याला तो माणूस दिसला.

खाटेच्या पलीकडून वाकलेला. चादर बाजूला फेकलेली. चादरीचा खालचा भाग काळा आणि जड. डोक्याचा पंचा सोडून त्याने घडी करून संतोषच्या मांडीत दाबला होता आणि दोन्ही हातांवर अंगाचा सगळा भार देऊन उभा होता. हलत नव्हता.

"अहो..." कोंडीराम म्हणाला. "काय... काय झालं?"

"टाका सुटला असंल. चादरीखाली कुणाला दिसणार." आवाज मऊ होता. वाशीमकडचा. "सिस्टरला आणा."

कोंडीरामने संतोषचं तोंड धरलं. गाल गार. ओठ पांढरे. नाकापुढे हात धरला. श्वास होता. होता, पण...

"संत्या. ए संत्या."

"त्याला नका बोलवू. सिस्टरला आणा."

कोंडीराम ओरडला. खरंच ओरडला, त्याने मला शपथेवर सांगितलं. प्रेमलाबाईला पायाने हलवलं. ती कूस बदलून पुन्हा झोपली. दहा नंबरवाल्याची बखोट धरून ओढलं. त्याची मान लोंबली आणि तो घोरत राहिला. ओळीत कुणी उठलं नाही. अठरा दिवसांची झोप, बारा दिवसांची झोप, सगळी एकाच वेळी त्या माणसांवर बसली होती.

"मी हाका मारल्या मघापासून," तो माणूस म्हणाला. "माझी हाक ऐकू जात नाही कुणाला."

कोंडीराम त्याच्याकडे बघत राहिला.

"तुम्ही... रिक्षावाल्याचे मेहुणे ना?"

त्याने पंच्यावर आणखी भार दिला.

"कोण तुम्ही?"

"त्या रात्री मी बाटलीकडंच पाहत बसलो," तो म्हणाला. "माणसाकडं पाहिलं नाही."

...

कोंडीरामने मला सांगितलं, भीती वाटली नाही. भीती वाटायलासुद्धा अंगात काहीतरी शिल्लक लागतं. त्याच्या अंगात काही नव्हतं. त्याने हात पुढे केला, मी दाबतो म्हणून. त्याचा हात त्या हातांवर पडला. थंडीच्या दिवसांत पहाटे नळाचा लोखंडी पाईप धरावा, तसे हात. आणि त्या हातांना रक्त लागलेलं नव्हतं. गादी भिजलेली, पंचा भिजलेला. हात कोरडे.

"तुम्ही दाबाल तर जाणार कोण?" तो म्हणाला.

खरं होतं. जायला एकच माणूस होता. थांबायलाही एकच.

कोंडीराम उभा राहिला. खाटेवर मुलगा. मुलावर वाकलेला तो. दार लांब. जिना त्याच्याही पुढे. पोराला एकटं टाकून जाता येत नव्हतं, आणि नाही गेलं तर पोर जाणार होतं. आणि सबंध वॉर्डात त्याच्याशिवाय जागा होता तो फक्त तो माणूस.

"जरा बघा हं," कोंडीराम म्हणाला. आपण शेजाऱ्याला सांगतो तसं.

"बघतोय," तो म्हणाला.

कोंडीराम पळाला.

अनवाणी, जिन्यावरून. भिंतीवरच्या घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं. वरच्या वॉर्डात शेवटच्या खाटेपाशी निशा सिस्टर उभी होती. खाटेवर एक म्हातारा होता, कुठल्या तरी रस्त्यावरून आणून टाकलेला, नाव नाही, गाव नाही, जवळ कुणी नाही. त्याच्या तोंडात नळी होती. नळीला रबरी फुगा. सिस्टर फुगा दाबत होती. दाबला की म्हाताऱ्याची छाती वर यायची. सोडला की खाली.

"सिस्टर, माझ्या पोराला रक्त... खूप... गादीतून खाली..."

तिने त्याच्या हाताकडे बघितलं. तिचा हात थांबला नाही.

"कुणी दाबून धरलंय?"

"हो."

"कोण आहे?"

"आहे... एक जण."

"काका, मी हे सोडलं तर हा माणूस जातो. मशीन नाहीये. डॉक्टर खाली ॲक्सिडेंटच्या केसमध्ये आहेत, तीन फोन केले." ती हे अगदी सपाट आवाजात बोलली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. नुसते उघडे डोळे होते. "बारापासून मी इथे उभी आहे. मधली पाच मिनिटं तुमच्याकडे आले तेव्हा झाडणारी मावशी दाबत होती. आता तीही घरी गेली."

कोंडीरामने काही विचार केला नाही.

"द्या," तो म्हणाला. "मी दाबतो. तुम्ही जा."

तिने क्षणभर त्याच्याकडे बघितलं. मग त्याचे हात धरून फुग्यावर ठेवले.

"दाबा... सोडा. एक, दोन, तीन, दाबा. घाई नाही. थांबायचं नाही. छाती वर येते का बघा."

आणि ती गेली. तिच्या चपलांचा आवाज जिन्यात गेला. मग गेलाच.

एक, दोन, तीन. दाबा.

एक, दोन, तीन.

त्या मोठ्या वॉर्डात त्या फुग्याचा आवाज तेवढा. फस्स... फस्स... खाली काय चाललंय, काही कळत नव्हतं. ओरडणं नाही. रडणं नाही. रडणं ऐकू आलं असतं तर कळलं असतं. ऐकू येत नव्हतं, तर तेही काही चांगलं नव्हतं.

आपण पोराला कुणापाशी ठेवून आलो?

त्याने तो विचार तिथेच सोडला. एक, दोन, तीन.

साडेतीन. हात भरून आले. दंड दगडाचे झाले. खाली पळून जावं असं वाटलं का, मी त्याला नंतर विचारलं, ते एकच मी विचारलं. तो म्हणाला, प्रत्येक तीनला वाटलं. एक, दोन, तीन, जावं. एक, दोन, तीन, जावं. फुगा सोडायचा, जिना उतरायचा, आपलं पोर आपलं असतं. हा म्हातारा कोण? ह्याचं कुणी नाही. गेला तर रडणारंही कुणी नाही.

फुग्याकडे बघत बघत त्याच्या लक्षात आलं, की आपण पुन्हा फुग्याकडेच बघतोय.

त्याने मान वळवली. म्हाताऱ्याच्या तोंडाकडे बघितलं. पांढरी दाढी, आठवडाभराची. गालावर जुना व्रण. एक पापणी अर्धी उघडी. कोंडीराम त्या तोंडाकडे बघत राहिला. बघून बघून ते तोंड त्याला ओळखीचं वाटायला लागलं. सोडवेना मग.

एक, दोन, तीन.

खिडकीबाहेर चंद्र उतरणीला लागला होता. कुठेतरी एक कुत्रं भुंकलं आणि थांबलं.

पावणेपाचला डॉक्टर आले, मागे सिस्टर. डॉक्टरांनी फुगा हातात घेतला तेव्हा कोंडीरामची बोटं सरळ होईनात. सिस्टरने एकेक करून सोडवली.

"नेलं त्याला ऑपरेशनला," ती म्हणाली. "रक्त चढवतायत. मोठे डॉक्टर आलेत. वाचेल, काका."

कोंडीराम खाली बसला. रडला नाही. नुसता बसला.

"कोण होते ते?" सिस्टरने विचारलं. "दाबून धरलेले. बरोबर जागेवर धरलं होतं हो, एखाद्या पट्टी बांधणाऱ्या ड्रेसरला जमणार नाही असं. मी म्हटलं, सोडा आता, मी आले. सोडेनात. म्हणाले, धरलंय ना नीट? मी हात लावल्यावर मग काढले त्यांनी. पाच मिनिटं आधी सोडलं असतं ना, तर..." तिने बोटं एकमेकांवर चोळली. "हात फार गार होते त्यांचे. त्यांना म्हणावं सकाळी बीपी बघून घ्या. मी मान वर केली तर दिसले नाहीत. कुठल्या खाटेचे?"

"नऊ," कोंडीराम म्हणाला.

सिस्टर आपल्या घड्याळाकडे बघत होती. का बघत होती, कुणास ठाऊक. मग हळूच म्हणाली, "नऊ नंबर साडेदहालाच रिकामी झाली. घरच्यांनी खासगीत नेलं त्याला, बाटली तेवढी स्टँडला राहिली. तुम्ही औषध आणायला गेला होतात तेव्हा."

डॉक्टर फुगा दाबत होते. मग खालून कुणाची तरी बाटली संपल्याची हाक आली, आणि सिस्टर "येते" म्हणून निघून गेली.

सकाळी प्रेमलाबाई उठली, तिने गादी बघितली, जमीन बघितली आणि तोंडात पदर कोंबला. "दादा, मला उठवलं का नाही? दोन ते चार कोण बसलं होतं? नऊला तर कुणी नव्हतं. मी झोपताना म्हटलं, सात नंबरवाला सांगेल तुम्हाला, आठनंतर थेट दहाला उठवा म्हणून..."

कोंडीरामने सांगितलं नाही. तिला काय सांगायचं?

वरचा म्हातारा दुपारी गेला. नाव नसलेलाच गेला. संतोष मात्र वाचला. पाय जरा ओढत चालतो, पण कामावर जातो. मागच्या वर्षी लग्न झालं त्याचं. बायकोचं नाव श्रद्धा.

तुम्ही म्हणाल, झोप नसली की माणसाला काहीबाही दिसतं. मीही तसंच म्हणायचो. सिस्टरलासुद्धा तीन रात्री झोप नव्हती, तिलाही दिसलं असेल. म्हणा तसं.

पण डिस्चार्जच्या दिवशी त्या सिस्टरने कोंडीरामला एक पिशवी दिली. म्हणाली, "तुमच्या मुलाच्या मांडीवर होता तो पंचा. तुमचा असेल." साधा पांढरा पंचा, लाल काठाचा. कोंडीरामच्या घरात लाल काठाचा पंचा कधी नव्हता. तरी त्याने घेतला. सुशीलाबाईने तो दोन वेळा साबण लावून धुतला. रक्त पहिल्या पाण्यातच गेलं, डागसुद्धा राहिला नाही. मग पिळून तिने तो दारापुढच्या दोरीवर वाळत घातला. मे महिना होता, हडपसरचं ऊन. शेजारचे सगळे कपडे तासात वाळले.

दोन उन्हाळे होऊन गेलेत. मी स्वतः गेलो होतो मागच्या महिन्यात, हात लावून बघितला. पाणी गळत नाही त्यातून. वास नाही, बुरशी नाही. पण ओला आहे. आत्ता पिळल्यासारखा.

सुशीलाबाई रोज संध्याकाळी दोरीवरचे कपडे काढते. त्या पंच्यापाशी आली की दोन बोटांनी चाचपते, आणि तो तसाच राहू देते.

"उद्या वाळेल," म्हणते.